माळ्यावरचा म्हातारा

बालमित्रांनो, मढीच्या यात्रेला कधी गेला आहात का? पाथर्डी तालुक्यात मढी नावाचं गाव आहे. तिथं कानिफनाथांची समाधी आहे. होळीनंतर तिथं मोठी यात्रा भरते आणि त्या यात्रेत चक्क गाढवांचा बाजार असतो! गाढव विकत घेणारा माणूस मोठा चतुर बरं का! विकणारा काहीही सांगो, हा सरळ गाढवाचं तोंड उघडून दात बघतो. दातांवरून वय कळतं आणि वयावरून ओझं किती लादायचं ते ठरतं. म्हातारं गाढव म्हणजे कामातून गेलेलं गाढव नव्हे. ओझं बेतानं टाकायचं, एवढंच.

आज मी तुम्हांला अशाच एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगणार आहे. हा म्हातारा मात्र गाढव नाही, संगणक आहे.

गेल्या दिवाळीत मी पाथर्डीला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. घरात साफसफाई चालली होती. माळ्यावरून एक एक वस्तू खाली येत होती. त्यात जुन्या चादरीत गुंडाळलेला एक संगणक निघाला. डब्यासारखा जाड मॉनिटर, पिवळा पडलेला कीबोर्ड आणि धुळीनं माखलेला सीपीयूचा डबा. भाचीच्या आत्यानं २००४ साली एमएस-सीआयटीचा अभ्यास करताना तो घेतला होता.

"भंगारवाल्याला देऊन टाकू. किलोवर घेतो तो," भाचीचे बाबा म्हणाले.

भाची आठवीत आहे. तिनं तो डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "मामा, चालू होईल का हो हा? मला प्रोग्रॅम लिहायला शिकायचंय. घरात फोन एकच, आणि तो सकाळीच बाबांबरोबर कामाला जातो."

आता सांगा, अशा वेळी मामानं काय करायचं?

आधी दात मोजले

पहिलं काम धूळ काढायचं. तारा सगळ्या सोडवून, डब्याचं झाकण उघडून आम्ही मऊ ब्रशनं पंखा साफ केला. मॉनिटरला आणि वीज पुरवणाऱ्या पेटीला मात्र हात लावला नाही. बंद असतानाही त्यांच्या आत जोराचा झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते. ही दोन खोकी मोठ्या माणसांनीसुद्धा उघडायची नाहीत, हे लक्षात ठेवा.

मग बटण दाबलं. पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर पांढरे आकडे पळू लागले आणि २६२१४४ वर येऊन थांबले. "हे काय?" भाचीनं विचारलं. मी म्हटलं, "हे याचे दात!" संगणक चालू होताना स्वतःची मेमरी मोजतो, ती किलोबाइटमध्ये. २६२१४४ ला १०२४ नं भागा. उत्तर येतं २५६. म्हणजे आमच्या म्हाताऱ्याची मेमरी होती २५६ एमबी. आजच्या साध्या फोनला ४ जीबी मेमरी असली, तर ती याच्या १६ पट झाली.

पडद्यावरची तारीखही चुकीची होती. घाबरू नका. मदरबोर्डवर बटणासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की संगणक तारीख विसरतो. घड्याळाच्या दुकानात तो मिळतो.

ओटा आणि फडताळ

मेमरी म्हणजे नेमकं काय? त्यासाठी स्वयंपाकघरात चला. आई स्वयंपाक करते ती ओट्यावर. डबे, परात, पोळपाट, चिरलेली भाजी, जे हाताशी हवं ते सगळं ओट्यावर. बाकीचं सामान फडताळात. संगणकाची मेमरी म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. फडताळ केवढंही मोठं असो, ओटा लहान असेल तर एका वेळी चार पदार्थ करायला घेता येत नाहीत. आमच्या म्हाताऱ्याचं फडताळ ४० जीबीचं होतं, पण ओटा मात्र एवढासा.

डिस्कवर जुनं विंडोज एक्सपी होतं. ते रडतखडत सुरू झालं. त्यात एक फोल्डर सापडला आणि सगळं घर पडद्याभोवती गोळा झालं. भाचीच्या आजोबांचे फोटो होते त्यात! आजोबा आता नाहीत. शेतात उभे असलेले, नातीला कडेवर घेतलेले, हसणारे. आजी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होत्या. भंगारवाल्याला डबा गेला असता, तर हे फोटोही किलोवर गेले असते.

आम्ही ते सगळे फोटो आधी पेनड्राइव्हवर घेतले. मग माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिले आणि नंतरच पुढचं काम हाती घेतलं. मित्रांनो, हा नियम पाठच करा. नवीन काही बसवताना जुनी डिस्क पुसली जाते. पुसलेलं परत येईलच असं नाही.

मग एक्सपीच का नाही ठेवलं? कारण मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीची दुरुस्ती बंद केली. दार मोडकं असलेल्या घरात राहण्यासारखंच आहे ते. आम्ही ठरवलं, लिनक्स बसवायचं.

दोनदा फसलो

लिनक्स एकच नसतं. त्याचा गाभा एक, पण त्याभोवती वेगवेगळे लोक वेगवेगळे संच तयार करतात. मी एक मोठा, नटवा संच आणला. गावातल्या फोटो स्टुडिओवाल्यानं तो डीव्हीडीवर उतरवून दिला. आम्ही मोठ्या ऐटीत डीव्हीडी घातली, आणि पडद्यावर एकच ओळ उमटली. तिचा अर्थ असा, की मला ६४-बिट प्रोसेसर लागतो आणि तुमचा ३२-बिटचा आहे.

संगणकाचा प्रोसेसर एका घासात किती आकडे खातो, याचा तो हिशोब. जुने पेंटियम एका घासात शून्य-एकचे ३२ आकडे घेतात, नवे ६४. नव्या संगणकासाठी रांधलेलं ताट जुन्याला खाता येत नाही. उबुंटूनं २०१९ सालीच ३२-बिटचे संच देणं थांबवलं. डेबियन हा लिनक्सचा जुना आणि मोठा संच. त्याच्याही ऑगस्ट २०२५ मधल्या तेराव्या आवृत्तीत ३२-बिट संगणकावर बसवण्याची सोय उरली नाही. जुना संच निवडताना हे आधी बघायला हवं होतं. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी 'अँटीएक्स' आणलं. डेबियनच्या बाराव्या आवृत्तीवर बेतलेला हा हलका संच. त्याच्या २०२३ मधल्या, २३ क्रमांकाच्या आवृत्तीत ३२-बिटची सोय आहे. या वेळी पडदा उजळला! भाचीनं टाळ्या वाजवल्या. डिस्कवर बसवण्याचं बटण दाबलं, खिडकी उघडली, थोडी पुढे सरकली आणि नाहीशी झाली. पुन्हा दाबलं, पुन्हा नाहीशी. मेमरी संपली होती. ओटा भरला की लिनक्स सगळा संगणक बंद पडू देत नाही, ओट्यावरचं एखादं मोठं पातेलं उचलून बाहेर फेकतं. नेमकं आमचंच पातेलं फेकलं गेलं होतं.

भाचीचा चेहरा उतरला. "जाऊ द्या मामा. याला मेमरीच कमी आहे."

मग मी तिला एक गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

२ एमबीवाला

१९९१ साल. आपल्या पुण्यात सी-डॅक या संस्थेनं त्या वर्षी 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. अमेरिकेनं भारताला महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इथेच बनवला. अनेक प्रोसेसर एकाच कामाला जुंपायचे, अशी त्याची युक्ती होती.

त्याच वर्षी तिकडे फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी आपल्या खोलीत बसून काहीतरी लिहीत होता. त्याचा संगणक हप्त्यांवर घेतलेला, ३८६ जातीचा. मेमरी किती? फक्त ४ एमबी! आमच्या म्हाताऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढी. २५ ऑगस्ट १९९१ ला त्यानं इतरांना कळवलं, की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतो आहे, ती काही फार मोठी होणार नाही. सप्टेंबरमध्ये त्यानं ती सगळ्यांसाठी खुली केली. तेच आपलं लिनक्स.

डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या एका माणसानं त्याला विचारलं. त्या माणसाच्या संगणकाला फक्त २ एमबी मेमरी होती. त्याला लिनक्स स्वतःच्या संगणकावर तयार करून घ्यायचं होतं. त्यासाठी कंपायलर लागतो. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला कळेल अशा रूपात बदलतो तो कंपायलर. तो एकटाच १ एमबीहून जास्त मेमरी खात होता. मग लिनक्स राहणार कुठे?

लिनसला स्वतःला ही अडचण नव्हती. त्याच्याकडे दुप्पट मेमरी होती. "नवी मेमरी विकत घ्या," असं म्हणून तो मोकळा झाला असता. पण नाताळच्या सुट्टीत बसून त्यानं एक नवी सोय लिहिली. ओट्यावर जागा संपली, की या घडीला न लागणारी भांडी उचलून फडताळातल्या एका राखीव कप्प्यात ठेवायची आणि लागली की परत आणायची. म्हणजे मेमरीतला काही भाग डिस्कवर ठेवायचा. या राखीव कप्प्याला 'स्वॅप' म्हणतात. स्वॅप म्हणजे अदलाबदल. स्वतःला गरज नसताना, केवळ दुसऱ्याची अडचण ऐकून लिनक्समध्ये घातलेली ही पहिली मोठी सोय.

आज जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीत दुसरं काही उरलेलं नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. आणि त्यातली एक महत्त्वाची सोय आली ती २ एमबीवाल्या माणसामुळे! आहे की नाही गंमत?

तिसरा प्रयत्न

"मामा! मग आपण कप्पा केलाच नाही ना?" भाची ओरडली.

अगदी बरोबर! कप्पा केला नव्हता, म्हणूनच आमचं पातेलं फेकलं गेलं. अँटीएक्समध्येच डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्रॅम असतो. तो उघडून आम्ही आधी १ जीबीचा स्वॅप केला आणि तो चालू केला. मग पुन्हा बसवण्याचं बटण दाबलं. डिस्क खर्र-खर्र वाजू लागली. ते वाजणं म्हणजे भांडी फडताळात जाण्याचा आवाज. खिडकी या वेळी नाहीशी झाली नाही. आम्ही जेवून आलो, तरी काम चालूच होतं. आजींनी दोनदा येऊन विचारलं, "निजला का तुमचा म्हातारा?" शेवटी तासाभरानं पडद्यावर निरोप आला, काम झालं! डीव्हीडी काढून संगणक पुन्हा सुरू केला. लिनक्स आता डिस्कवरून चालू झालं. मेमरी दाखवणारा आकडा पाहिला. सगळं शांत असताना दीडशे एमबीच्या आतबाहेर खर्च होत होती. म्हणजे शंभरेक एमबी ओटा मोकळा!

आता खरं खरं सांगतो. म्हातारा तरुण झाला नाही. सिनेमे, व्हिडिओ याच्यावर बघण्यात अर्थ नाही. आजच्या जड वेबसाइटी उघडायला गेलं, की ओटा लगेच भरतो आणि संगणक भांडी इकडून तिकडे नेण्यातच दमतो. डिस्क वाजत राहते, काम पुढे सरकत नाही. स्वॅप म्हणजे जादू नव्हे. फडताळ ओट्यापेक्षा लांब, तिथे जायला वेळ लागणारच.

चित्रं एवढी जड का, याचाही हिशोब करून बघा. पडद्यावर आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट धरले, तर एका पडद्यालाच ३ एमबी लागतात. लिनसचा सगळा ओटा ४ एमबीचा होता. अक्षरांचं मात्र तसं नाही. ती फार थोडी जागा घेतात.

म्हणून आम्ही म्हाताऱ्याला अक्षरांची कामं दिली. लिहिण्याचा हलका प्रोग्रॅम, हिशोबाचा तक्ता, टायपिंगचा सराव आणि पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा. मराठीसाठी लोहित नावाचा मोफत फॉन्ट आणि इनस्क्रिप्टचा कीबोर्ड. भाचीनं पहिला प्रोग्रॅम लिहिला तो एकोणिसाच्या पाढ्याचा. पाच ओळींत दोन चुका होत्या. त्या तिनंच शोधल्या. पडद्यावर पाढा उमटला तेव्हा बाबा म्हणाले, "बरं झालं, भंगारवाला काल आला नाही."

खैरातची शाळा

२५६ एमबीवर मुलं काय शिकणार, असं तुमच्या घरी कुणी म्हणालं, तर त्यांना खैरातची गोष्ट सांगा. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात हे छोटंसं गाव आहे. २००७ साली तिथल्या छोट्या शाळेतल्या मुलांच्या हाती हिरवे-पांढरे लहान लॅपटॉप आले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतले ते होते. त्यांना हार्ड डिस्क नव्हतीच, साठवायला १ जीबी जागा आणि मेमरी २५६ एमबी. आमच्या म्हाताऱ्याएवढीच! आणि आत लिनक्स. ओटा लहान आहे हे ओळखून त्यातले प्रोग्रॅम बेतानंच बनवलेले होते. मुलं त्यावर लिहीत, चित्रं काढत, फोटो घेत.

पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यात कमी पाण्यात संसार कसा करायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. भाजी धुतलेलं पाणी झाडाला जातं. कमी मेमरीत काम करणंही तसंच आहे. काय लागतं आणि काय नाही, हे आधी ठरवायचं.

तुम्हांला करायचं असेल तर

घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि या क्रमानं चला.

१. जुने फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. ती तिथे उघडतात की नाही, तेही पाहा.

२. मेमरी किती आणि प्रोसेसर ३२-बिट की ६४-बिट, ते वहीत लिहा.

३. मेमरी वाढवता येते का ते विचारा. जुन्या संगणकांच्या दुकानात कधी कधी जुनी मेमरीपट्टी स्वस्तात मिळते. मात्र ती त्याच जातीची हवी.

४. मेमरीप्रमाणे संच निवडा. अँटीएक्सला ५१२ एमबी असलेली बरी. २५६ वर ते चालतं, पण आधी स्वॅप करावा लागतो. त्याहून कमी असेल तर 'टायनी कोअर' नावाचा चिमुकला संच बघा. त्याला निदान ४६ एमबी मेमरी लागते.

५. डिस्कवर बसवण्याआधी डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. पडदा, माऊस, कीबोर्ड नीट चालतात ना, ते कळतं. जुने काही संगणक पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत. त्यांना डीव्हीडी किंवा सीडीच लागते.

६. आधी स्वॅप, मग बसवणं. आम्ही उलटं केलं आणि फसलो!

आई-बाबांसाठी दोन शब्द

जुना संगणक वीज जास्त खातो. मॉनिटर धरून दीडशे वॅट लागले, तर साधारण पावणेसात तासांत एक युनिट होतं. रोज दीड-दोन तास सरावाला ते काही फार नाही, पण दिवसभर चालू ठेवू नका. आणि संगणक खरंच बिघडला असेल, तर तो कचऱ्यात टाकू नका किंवा जाळू देऊ नका. जाड मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. तांब्यासाठी तारा जाळल्या की विषारी धूर होतो. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच तो द्या. पण त्याआधी एकदा मुलांना विचारा, हा चालू होतो का ते बघायचं का?

एक गोष्ट सांगायची राहिली. ज्या ३८६ जातीच्या संगणकावर लिनक्स जन्मलं, त्या जातीला लिनक्सनं डिसेंबर २०१२ मध्ये निरोप दिला. नवं लिनक्स त्यावर आता चालत नाही. आमच्या म्हाताऱ्यावरही ती वेळ कधीतरी येईल. येऊ द्या. तोवर भाची त्याच्यावर शिकून तयार होईल.

परवा तिचा फोन आला, संध्याकाळी, बाबा घरी आल्यावर. म्हणाली, "मामा, आता दोन ते तीस सगळे पाढे एकदम छापते मी. आणि शेजारच्या काकूंच्या माळ्यावर पण एक आहे. त्याचे दात एकशे अठ्ठावीसच निघाले. काय करू?"

मी म्हटलं, "आधी त्यांचे फोटो उतरवून घे. मग सांगतो."

तुमच्या माळ्यावर कोण झोपलंय, मित्रांनो? बघा तर जरा!